शिर्डीला उतरलेलं विमान

पुण्याच्या, म्हणजे लोहगावच्या विमानात जागा मिळेना, म्हणून ताईनं शिर्डीचं तिकीट काढलं. हैदराबादहून दुपारी निघायचं, शिर्डीला उतरायचं आणि तिथून गाडी करून मोशीला, घरी. "नाशिक रस्त्यानं सरळच तर आहे," मेहुणे फोनवर म्हणाले, "मोबाईल साडेतीन तास दाखवतोय." मोबाईलला काय जातंय दाखवायला! कंपन्यांची शिफ्ट सुटताना चाकणचा चौक बघितलाय का त्यानं कधी?

वडिलांना, आमच्या अण्णांना, दवाखान्यातून घरी आणलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. जीव तेवढा ताईसाठी अडकला होता. "उतरली बरं का इमानातनं," आत्या त्यांच्या कानाशी म्हणाली आणि तिथंच घोळ झाला. आमच्या मोशीत विमान म्हणजे लोहगाव. आळंदीवरनं तासाभरात माणूस दारात. अण्णांनी दाराकडं मान वळवली ती तशीच ठेवली.

तास उलटला. "कुठवर आली?"

"येतीय, अण्णा."

"आळंदी सोडली?"

काय सांगणार, कप्पाळ? ती अजून संगमनेरात होती. एका विमानतळापासून दुसरा जवळपास दोनशे किलोमीटर, हे त्यांना आता कुठल्या तोंडानं समजावू? "व्हय, सोडली," म्हणालो.

मग त्यांनी पाणी मागितलं. मी तांब्या उचलला तर आत्यानं माझं मनगट धरलं. शेवटचं पाणी लेकरांनी घालायचं, ही आमच्याकडची रीत; ते मिळालं की जीव सुटतो म्हणतात. "तिच्या हातचं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "लेकीचं पाणी घ्यायचंय म्हून जीव धरून हाय त्यो. तू पाजलंस तर सुटंल." मी कापूस भिजवून ओठांवरनं फिरवत बसलो. अण्णा तो कापूस चोखायला लागले. मला वेड लागायची वेळ आली.

तेवढ्यात ताईचा फोन. "चाकणला आलेय रे, पण गाडी इंचभर हलत नाही. उतरून चालत येऊ का?" रडत होती. मागं नुसते हॉर्न. त्याच रस्त्यानं मी रोज कामावरनं येतो, रोज वैतागतो आणि घरी येऊन विसरतो. त्या संध्याकाळी मात्र त्या रस्त्याला, ट्रेलरवाल्यांना, सगळ्यांना तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या. "कुणाच्याबी मोटारसायकलवर बस!" मी ओरडलो. "हात कर, पाया पड, पण ये!"

"पाणी दे रं," अण्णा म्हणाले.

खड्ड्यात गेली ती रीत! माझा बाप तहानेनं तडफडतोय आणि मी हातात तांब्या धरून वाट बघतोय. मान उचलून चमच्यानं पाणी पाजलं. आत्या कपाळ बडवून घेत बाहेर गेली. दोन घोट त्यांनी नीट गिळले.

"कुठवर आली?"

"दारात हाय, अण्णा. चप्पल काढतीय."

ते दाराकडं बघत राहिले. मग नुसतेच डोळे उघडे होते.

आत्या मान सरळ करायला आली, मी करू दिली नाही. अंधार पडता पडता कंपनीचा शर्ट घातलेल्या कुणा भल्या माणसानं ताईला दारात सोडलं. ती चप्पल न काढताच आत आली आणि अण्णांपाशी बसली.

"मान अशी का रे वळलीय?"

"तू आलीस म्हणून सांगितलं होतं," मी म्हणालो.