एकादशीच्या एसटीतली कंडक्टर बाई

दर एकादशीला मी भुसावळहून मुक्ताईनगरला जातो. त्या एसटीतली कंडक्टर बाई सगळ्यांना 'राजा' म्हणते, मला तेवढं आबा. तिकीट फाडायच्या आधी ती माणसाचं तोंड निरखून पाहते. मला ते आवडत नाही.

परवा एक शाळेची पोरगी पोट धरून दांड्याला टेकून वाकली होती. माझ्या शेजारच्या जागेवर माझा नैवेद्याचा डबा होता.

"बस ना तिथं," बाई म्हणाली.

पोरगी डब्याकडं पाहून पुटपुटली, "मला चालत नाही. पाळी आलीय."

"सकाळपासून काय खाल्लं?"

"नुसता चहा. पेपरच्या भीतीनं झोपच नाही लागली. मी उतरते, घरी जाते."

"उपाशी, जागी, वरून धास्ती. मग पोट जास्तच पिळवटणार, राजा. आबा, डबा उचला."

"नैवेद्य आहे तो. विटाळ होईल."

बाई हळू आवाजात म्हणाली, "मुक्ताई तरी एवढीशी पोरच होती ना, आबा?"

मी कुणाचं ऐकणारा माणूस नाही. पण डबा मांडीवर घेतला, उघडला आणि शेंगदाण्याचा एक लाडू पोरीच्या हातावर ठेवला. ती बसून खाऊ लागली. घरी जायचं पुन्हा बोलली नाही.

मी उतरताना बाईनं माझं तोंड निरखून पाहिलं. पाहू दिलं. उरलेले लाडू मुक्ताईपुढं ठेवले.