ओट्याची उंची

गोंदिया वेगळा झाला आणि आमचा भंडारा जिल्हा लहान झाला, त्यानंतरच्या काही वर्षांतली ही आठवण. आम्ही आंधळगावात राहत होतो. बाबा मागावर कोशाचं रेशीम विणत. आई त्यांना कांड्या भरून द्यायची, म्हणजे धोट्यात घालायचं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळून द्यायची. मोठ्या बहिणीचं लग्न झालेलं होतं. मी बी.ए. करून घरीच होते आणि सकाळी टायपिंग शिकायला बसने मोहाडीला जायचे. घरात आम्ही तिघंच.

होळी झाली आणि आसगावहून निरोप आला की आजी, आईची आई, विहिरीजवळ घसरून पडली आणि तिचं कमरेचं हाड मोडलं. मामा कामासाठी गुजरातेत. तिच्याजवळ राहील असं दुसरं कोणी नव्हतं. आईने दुसऱ्या दिवशी दोन लुगडी पिशवीत भरली. बाबा तिला बसस्टँडवर सोडायला गेले. परत आल्यावर मागावर न बसता ते बराच वेळ अंगणातच उभे राहिले.

बाबांना स्वयंपाकघर म्हणजे जेवायला बसण्याची जागा, एवढंच माहीत होतं. पण सकाळी मी घरात नसायचे, त्यामुळे दुपारचा भात त्यांच्याकडे आला. आमचं स्वयंपाकघर घराच्या अगदी मागच्या टोकाला होतं. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, खिडकी एकही नाही. दिवसाही डबा शोधायचा तर बल्ब लावावा लागे. गॅस घरात आला होता, पण शेगडी जमिनीवरच ठेवलेली, आणि सिलेंडर पुरवून वापरायचा म्हणून ती चहापुरती नाहीतर पाहुण्यांपुरती. बाकी सगळं चुलीवर.

तीन-चार दिवस गेले असतील. मी मोहाडीहून आले तर बाबा मागच्या दारात डोळे पुसत बसलेले. आत धूर कोंडला होता.

"तुयी माय रोज एवढ्या धुरात कशी बसत असंल वं?" त्यांनी विचारलं.

"बसते ना. काय करंल?"

"मले तर कधी बोलली नाही."

"बोलली होती, बाबा. उभ्यानं सयपाक करता आला तर गुडघे वाचतील म्हणे. तुम्ही मागावर होते."

मागाच्या खटखटीत आमच्या घरातल्या कितीतरी गोष्टी ऐकू येत नसत, हे खरं होतं. संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "तुयी माय येईपर्यंत ओटा करून टाकू. तिले सांगू नको."

पैसे बेताचेच होते. घरात होतं ते आधी वापरायचं आणि नसेल तेवढंच आणायचं, असं आम्ही ठरवलं. काकांचा जुना माग पडवीत नुसताच उभा होता. काका वेगळे होऊन नागपूरला गेले, तेव्हापासून त्याच्यावर कोणी बसलं नव्हतं. बाबांनी काकांना फोन करून विचारलं आणि तो माग सोडवायला घेतला. त्याचं सागवान अजून पक्कं होतं. जाड लाकूड भिंतीत पाडायच्या नव्या खिडकीच्या वर टाकायला झालं, बाकीच्या लाकडांच्या फळ्या झाल्या. फळ्या रंध्याने घासताना बाबा मधूनच थांबत आणि लाकडावरून हात फिरवत. हा माग त्यांच्या वडिलांनी करवून घेतला होता. मी विचारलं, वाईट वाटते का. ते म्हणाले, "उभा होता तेव्हा जास्त वाटत होतं."

मातीच्या भिंतीत खिडकी पाडायचं काम आम्ही दोघांनीच केलं. बाबा सब्बलने माती पाडत आणि मी ती घमेल्यात भरून बाहेर टाकत असे. भिंतीला आरपार भोक पडलं तेव्हा उन्हाची एक तिरीप थेट समोरच्या मांडणीवर आली आणि आईची पितळेची भांडी चमकली. ती भांडी तिथे कायम होती, रोज त्यातलं काहीतरी आम्ही वापरत होतो, पण ती अशी दिसतात हे मला माहीत नव्हतं. बाबाही बघत राहिले. मग म्हणाले, "पाय, तिच्या हाती किती साफ राहतात."

त्या दिवसांत बाबा आईबद्दल असं अधूनमधून बोलायचे. एरवी आयुष्यात तिचं कौतुक त्यांनी केलेलं मला आठवत नाही.

ओट्यासाठी काळा कडप्पा आम्ही भंडाऱ्याहून आणला. एका कोपऱ्याला तुटलेली फरशी दुकानदाराने कमी भावात दिली. तुटका कोपरा भिंतीच्या बाजूला लपवता येणार होता. पण ओटा बांधायचा किती उंच? गावातला मिस्त्री म्हणाला, बायांच्या कोपराच्या जरा खाली पाहिजे. आता आईचं कोपर कुठे येतं, हे कसं कळणार? मी तिच्यापेक्षा चांगली उंच.

आईशी बोलणं रविवारी व्हायचं. आसगावला आजीच्या घराजवळ किराणा दुकान होतं, तिथे फोन होता. आम्ही आंधळगावच्या बूथवरून लावायचो, दुकानदार तिला बोलावून आणायचा. आई फोनवर इतक्या जोरात बोलायची की बाजूला उभी राहून मला सगळं ऐकू यायचं. त्या रविवारी बाबांनी आजीची तब्येत विचारली, पावसापाण्याचं विचारलं, आणि मग घसा खाकरून म्हणाले,

"तू उभी राहिली का तुयं कोपर कुठं येते?"

"कोपर? काहून?"

"असंच इचारून राहिलो."

"तुमची तब्येत बरी आहे ना? जेवता ना बराबर?"

"जेवतो. तू कोपर सांग ना."

"कोपर कोपराच्या जागी येते, अजून कुठं येईल!" आई म्हणाली, आणि तिकडे दुकानात कोणीतरी मोठ्याने हसल्याचं आम्हाला ऐकू आलं.

घरात शिरल्यावर बाबा सरळ आपल्या मागाजवळ गेले आणि मला हाक मारली. मागाच्या एका खांबावर ते बोट ठेवून उभे होते. आई भरलेल्या कांड्या घेऊन आली की त्या खांबाला कोपर टेकून उभी राहायची, बाबांचा हात मोकळा होईपर्यंत. इतक्या वर्षांत तिथलं लाकूड गुळगुळीत झालं होतं, हाताला लगेच जाणवत होतं. बाबांनी सुताच्या दोऱ्याने जमिनीपासून तिथपर्यंत माप घेतलं. "याच्या चार बोटं खाली," ते म्हणाले. त्यांचा चेहरा कसा खुलला होता!

मिस्त्री एका दिवसापुरता आला आणि त्या मापाने विटांचे खांब उभारून फरशी बसवून गेला. मागच्या भिंतीला टाइल्स लावायची हौस होती, पण तेवढा खर्च झेपणार नव्हता. मग बाबांनी दुकानातून उरलेल्या, फुटलेल्या टाइल्सचं पोतं आणलं. पांढऱ्या, निळ्या, एक-दोन मरून. मला वाटलं, आता हे गोधडीसारखं दिसणार. बाबांनी तुकडे अंगणात पसरले आणि दोन दिवस नुसते मांडत-मोडत बसले. मग त्यांनी पांढऱ्या तुकड्यांच्या खाली मरून त्रिकोण एकाला एक लावून ओळीने बसवले, करवतीच्या दातांसारखे. आमच्याकडच्या करवतकाठी लुगड्याचा काठ होता तो, ओट्याच्या मागे भिंतभर आडवा. मी टाइल्सच्या फटी पांढऱ्या सिमेंटने भरत होते आणि बाबा मागून सांगत होते, "धागा तुटल्यावानी नको दिसू देऊ."

छपरात एक काचेचं कवेलू बसवलं, भिंतींना चुना मारला. चूल मागच्या आवारात टिनाखाली नेली. मृगाच्या आधी सगळं तयार झालं. बाबांनी शेगडी उचलून ओट्यावर ठेवली, नळी जोडली, आणि माझ्या हातातली माचिस काढून घेतली.

"पयले तुयी माय पेटवंल."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत बाहेर चूल आहे ना."

पण आई येईना. आजी अंथरुणावरच होती. त्यात रोवणीचे दिवस आले. आजीच्या बांधीत धान लावायला बायका जमवायच्या, त्यांचं चहापाणी बघायचं, सगळं आईवर. ती दर रविवारी म्हणायची, येत्या आठवड्यात पाहते. बाबा म्हणायचे, "सावकाश ये. इकडं काही अडलं नाही." पाऊस सुरू झाला. घरात नवाकोरा ओटा आणि आम्ही दोघं बापलेक टिनाखाली ओल्या लाकडांशी झटत बसलेलो. एकदा माझा धीर सुटला. मी म्हणाले, "बाबा, ओटा कायले बांधला मग? पाहायले?" त्यांनी माझ्या डोक्यावर छत्री धरली आणि म्हणाले, "मले तिच्या हातचा चहा पाहिजे तिथं. तेवढं राहू दे." मी परत कधी विचारलं नाही.

श्रावण लागला आणि आजी गेली. आम्ही दोघं आसगावला गेलो. मामाही आला. तेरवी झाल्यावर आम्ही तिघं परत निघालो. भंडाऱ्याला बस बदलली. आई खिडकीला डोकं टेकून बसली होती. बाबा तिच्या शेजारी अस्वस्थ, सारखे पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेत होते. ही वेळ ओट्याबद्दल बोलायची नाही, हे त्यांना कळत होतं, आणि घर तर जवळ येत चाललं होतं.

घरी पोचल्यावर आईने हातपाय धुतले आणि पाणी प्यायला आत गेली. आम्ही दारात थांबलो. ती आत जाऊन उभी राहिली. खिडकीतून पावसाळी उजेड येत होता. तिने टाइल्सच्या काठावरून एक बोट फिरवलं, मग दोन्ही तळवे ओट्यावर टेकवले.

"बराबर आहे ना?" बाबांनी मागून विचारलं. "उंच तर नाही झाला?"

"बराबर आहे," आई म्हणाली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

तिने शेगडी पेटवून चहा केला. नंतरचे कितीतरी दिवस ती ओट्याशी उभी राहून काम करायची आणि मधेच तिचे हात थांबायचे, खिडकीबाहेर बघत राहायची. बाबा पडवीत येऊन मला हळूच म्हणाले, "तिले पसंत नाही वाटते."

एका दुपारी आईने लाखोरीची डाळ भिजवली. आजीच्या हातचे लाखोरीचे वडे आमच्या सगळ्यांच्या आवडीचे. आई वडे तळत होती, मी थापून देत होते, बाबा उंबऱ्यावर बसले होते. आई कढईकडे बघतच बोलायला लागली.

"फोनवर कोपर इचारलं ना तुम्ही, ते मी घरी येऊन आईले सांगितलं. म्हटलं, ह्यांले काय झालं समजत नाही. तर आई हसली. लय दिवसांनी हसली. म्हणे, अवं, जावई ओटा बांधून राहिला असंल."

बाबांनी मान वर केली. "तुले माहीत होतं?"

"माहीत होतं. दर रविवारी आई इचारे, झाला का ओटा? मले घेऊन चाल म्हणे, मले उभं कर त्याच्यासमोर. जनमभर वाकून सयपाक केला, एक भाकर तरी उभ्यानं करून पाहीन." आईने झारा कढईवर धरला, तेल निथळू दिलं. "तिले बसता येत नव्हतं, अन् उभं राहायचं म्हणे."

ती आता रडत होती. बाबा उठले. आपल्या बायकोजवळ जाऊन काय करावं हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी तिच्या हातातून झारा घेतला आणि वडे स्वतः काढायला लागले. पहिले दोन करपले. आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "आंच कमी करा ना." त्यांना शेगडीची कळ कोणत्या बाजूला फिरवायची ते सापडेना. शेवटी तिनेच फिरवली.

त्या हिवाळ्यात बाबांनी आईचा कांड्या भरायचा चरखा खिडकीखाली आणून ठेवला, उजेड तिथे चांगला म्हणून. दुपारी मी मोहाडीहून परत आले की भात शिजत असे, आई चरख्यावर बसलेली, बाबा मागावरून उठून चहाला आत आलेले, आणि मी भाजी चिरताना त्यांचं बोलणं ऐकत असलेली. साधंच बोलणं. कोणत्या घरी पाहुणे आले, धान कसं झालं, माझ्यासाठी कोंढ्याचं एक स्थळ आहे ते पाहायचं की नाही. बाबा आता थांबून ऐकत. बोलता बोलता ते म्हणायचे, येत्या साली न्हाणी करू, तिथं पण उजेड नाही. मग आम्ही तिघं मिळून न्हाणीत काय काय करायचं ते ठरवायचो. सगळे मिळून त्या खोलीत असण्याचा तो आमचा एकच हिवाळा. तो तसा आहे हे तेव्हा कळलं असतं तर मी टायपिंगचा क्लास बुडवून घरी बसले असते.

उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी कोंढ्याला आले. न्हाणी पुढच्या वर्षी झाली. एका संध्याकाळी मी सासरी तांदूळ निवडत बसले होते, तेव्हा बाबांचा फोन आला. पाइप कुठून घेतला, पाण्याचा उतार कसा काढला, सगळं सांगितलं. आई मागून काहीतरी जोरात बोलत होती. मी विचारलं, "मस्त झाली ना?"

"झाली," बाबा म्हणाले. "पण करताना मजा नाही आली वं, बाई."

मी तांदळाचं ताट मांडीवरून खाली ठेवलं. मला फोन ठेवावासा वाटेना. तेही फोन ठेवेनात. आम्ही दोघं तसेच, एकमेकांचा श्वास ऐकत थांबलो.