विमानतळाला लागून असलेलं हॉटेल

शिंदखेड्याहून सकाळच्या एसटीत बसलो तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं, आणि त्याला कारण माझा भाचा कैलास. तो हैदराबादला नोकरीला आहे. त्याची आई म्हणजे माझी थोरली बहीण, अक्का, त्याच्याकडेच असते. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. अक्काने सांगून टाकलं होतं की नाना आल्याशिवाय मी त्या टेबलावर चढणार नाही. अक्का बोलली म्हणजे बोलली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला भरती करायचं होतं. तारीख चुकली तर पुढची केव्हा मिळेल, कोणी सांगेना. म्हणून कैलासने माझं जळगावहून विमानाचं तिकीट काढलं.

विमान सकाळचं, त्यामुळे आदल्या दिवशी जाऊन जळगावला मुक्काम करणं भाग होतं. कैलास आठ दिवस फोनवर एकच घोकत होता. मामा, मी हॉटेल बघतो. मामा, हॉटेल सापडलं. सापडलं कुठे, तर पिंप्राळ्याकडे. विमानतळ अजिंठा रोडला आणि पिंप्राळा गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी त्याला म्हटलं, हैदराबादेत बसून मला जळगाव शिकवू नको. हॉटेल मी बघतो.

आमच्या गावचा भिला केळीचा ट्रक चालवतो. त्याला विचारलं, विमानतळाजवळ हॉटेल आहे का कुठे? तो म्हणाला, आहे ना नाना, अगदी लागून, भिंतीला भिंत. मी नेहमी तिथेच थांबतो. ट्रकवाला नेहमी थांबतो म्हणजे जागा चांगलीच असणार. मी नाव कागदावर लिहून घेतलं आणि कैलासला कळवलं की काम झालं.

धुळ्याला गाडी बदलावी लागते. जळगावची गाडी कुठल्या फलाटावर लागते ते तीन माणसांना विचारलं, तिघांनी तीन फलाट सांगितले, आणि गाडी चौथ्यावर लागून निघूनही गेली. पुढची मिळाली ती पारोळा, एरंडोल करत अशी रमत चालली, जसं काही ड्रायव्हरला वाटेत पाहुणे भेटायचे होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी फुटलेली होती, पण मला तिच्याकडे पाहायची हौस उरली नव्हती.

जळगावला रिक्षावाल्याला कागद दाखवला. तो म्हणाला, हे तर विमानतळाच्या मागच्या बाजूला आहे बाबा. मी म्हटलं, मागे का पुढे, लागून आहे ना? तो म्हणाला, लागून तर आहे.

लागून होतंच. भिला खोटं बोलला नव्हता. पत्र्याचं छप्पर, पुढे चार बाजा, मागे विमानतळाची उंच भिंत आणि भिंतीवर काटेरी तार. मालक चाळिशीचा, अमळनेरकडचा, पंकज नावाचा. त्याने मला बाजेवर बसवलं, पाणी दिलं आणि शेवभाजी सांगू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, जेवण मागून, आधी माझी खोली दाखव.

तो म्हणाला, "आबा, हाई हॉटेल शे, लॉज नही. आठे जेवण भेटस." (हे हॉटेल आहे, लॉज नाही. इथे जेवण मिळतं.)

आता सांगा. सत्तर वर्षं मी हॉटेल म्हणजे चहा-जेवणाची जागा आणि झोपायचं ते लॉज, असंच बोलत आलो. आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ते कळतं. पण आठ दिवस कैलासचं हॉटेल-हॉटेल ऐकून त्याचा शब्द माझ्या तोंडात बसला. भिलाला मी कैलासच्या भाषेत विचारलं आणि त्याने आपल्या भाषेत उत्तर दिलं. संताप झाला, पण कोणावर करणार?

तेवढ्यात कैलासचा फोन. हॉटेल कसं आहे मामा? मी म्हटलं, उत्तम, हवेशीर आहे.

पंकज भला माणूस निघाला. कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि वांग्याचं भरीत वाढलं, आणि बाजेवर गोधडी टाकून दिली. भरीत असं होतं की त्या जेवणापुरता मी राग विसरलो. पुढे डासांनी आठवण करून दिली.

सकाळी तयार होऊन बसलो. आठपर्यंत आत पोचायचं होतं. पंकज म्हणाला, मी मोटरसायकलवर सोडतो, दहा मिनिटं थांबा. त्याच्याकडे दुपारी भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजायला टाकलेली. दहाची वीस मिनिटं झाली. विचारलं की म्हणायचा, आबा, घाई काय, विमानतळ ते काय समोर दिसतंय. दिसत होतंच. भिंतीपलीकडे इमारतीचं टोक अगदी हाताशी. मग मला कोणाची वाट पाहायची गरज काय? पिशवी उचलली आणि भिंतीच्या कडेकडेने चालू लागलो. भिंत आहे म्हणजे कुठेतरी दार असणार.

भिंत संपेना. ढेकळांतून चालून पायाला गोळे आले. कापूस वेचणारी एक बाई कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, बाबा, कुठे निघाले? म्हटलं, विमानाला. ती म्हणाली, पुढे नाला आहे. विमान नाल्यात नाही येत. फाटक पार तिकडच्या अंगाला, अजिंठा रोडला.

तेव्हा मात्र मला टेबलाजवळ बसलेली अक्का दिसायला लागली. हट्टाने बसलेली, दोन्ही हात मांडीवर. डॉक्टर घड्याळ बघतोय आणि ही म्हणतेय, नाना येतो म्हणाला होता. तिने मला कडेवर वागवलेलं. आणि मी इथे ढेकळांत उभा.

मागून मोटरसायकल आली. पंकजच, हात कोपरापर्यंत राखेने काळे. वांग्यांचं काम बायकोवर टाकून आला होता.

"बसा. आणि आता तोंडातून शब्द काढू नका आबा."

मी काढला नाही. वळसा चांगला लांब होता. फाटकावरच्या शिपायाने आधार कार्ड मागितलं, ते पिशवीच्या तळाशी. आत पोचलो तेव्हा खिडकीवरची मुलगी कागद आवरत होती. माझ्या शर्टावर पंकजच्या हाताची राख लागलेली. ती म्हणाली, आजोबा, इतका उशीर? हॉटेल लांब होतं का? मी म्हटलं, नाही, लागूनच होतं.

अक्का टेबलावर चढली. त्याआधी तिने मला विचारलं, रात्री कुठे राहिलास रे? कैलासशी खोटं बोललो होतो, पण अक्काशी मला ते जमत नाही. सगळं सांगितलं. ती इतकी हसली की नर्सने मला बाहेर काढलं. ऑपरेशन नीट झालं.

आठवड्याने निघालो तेव्हा ती काठी धरून चार पावलं टाकत होती. म्हणाली, श्रावणात कानबाईला (आपल्याकडचा देवीचा सण) मी गावी येणार, विमानाने. विमान संध्याकाळी पोचतं, म्हणजे जळगावला एक रात्र आलीच. सोय तू बघ.

म्हणून परतताना मी थेट गावी गेलो नाही, जळगावात लॉज बघत फिरलो. एकाचा जिना असा उभा की मलाच दोनदा थांबावं लागलं. लिफ्ट आहे का विचारलं तर मॅनेजर म्हणाला, आहे, पण बंद आहे. जसं काही बंद लिफ्ट असणं हाही माझ्यावर उपकारच. दुसऱ्या ठिकाणी तळमजल्यावर खोली मिळाली. स्वच्छ, पंखा चालू. मग संडास पाहिला. खाली बसायचा. अक्काला आता खाली बसायची मनाई आहे. मी तिथे दारात उभा राहिलो. मॅनेजर म्हणाला, काय अडचण आहे बाबा? त्याला काय सांगू?

स्वतःच हॉटेल बघायची हौस मी माझ्या हाडांवर भागवली, ते ठीक. तिच्या गुडघ्यावर भागवायचा मला अधिकार नाही.

बाहेर येऊन कैलासला फोन लावला. म्हटलं, अक्कासाठी जळगावची खोली तूच बघ.

तो म्हणाला, "मामा, आवाज येत नाहीये. पुन्हा बोला."

आवाज चांगला जात होता. मी पुन्हा बोललो.