ऐनाचं झाड

भाताच्या रोपासाठी फांद्या अन् शेन जाळून जमीन भाजत्यात, त्येला आमी राब म्हनतो. चैतात राब पेटला, त्यो वास आला की मला वेल्ह्याच्या डोंगरातली एक दुपार आठवती. भोरला राजाचं राज हुतं तवाची.

माजं पयलं लेकरू जाऊन म्हैना झाला हुता. मी जेवत न्हवते, बोलत न्हवते. आत्याबाईंनी, म्हंजी माज्या सासूनं, मला उटवलं. "चल गं. राबाला फांद्या तोडायच्यात. भात काय तुजी वाट बगंल व्हय?"

मला वाटलं, दगडाच्या काळजाची बाई.

त्या कोयता घिऊन ऐनावर चढल्या. मी खाली भारे बांदत हुते. वरनं त्यांच्या गान्याचा आवाज आला,

"ऐनाचं मी गं झाड, कोयता फिरं सालोसाल
तोडल्या ठिकानाला, फुटं पालवी लालेलाल."

म्या भारा सोडून इचारलं, "आत्याबाई, ही ववी कुनी शिकिवली?"

"कुनी शिकवायची? तीन लेकरं पुरली म्या. तवापास्नं म्हनते."

म्या वर बगितलं. खोडाला जुन्या घावांच्या गाठीच गाठी, अन् दर गाठीतनं गेल्या सालची फांदी आल्याली. त्यातच त्या हुब्या. झाड कुटं सरतं अन् बाई कुटं लागती, मला कळंना.

खाली उतरून त्यांनी फडक्यातली भाकर म्होरं केली. म्या सगळी खाल्ली. मंग त्यांनी भारा माज्या डोईवर चढवला.

पुढं मलाबी लई घाव बसले. झाड अजून हाय. त्येच्याखालनं जाताना मी चप्पल काडते.