प्रज्ञाची पिवळी पूड

भडगावची प्रज्ञा सहा वर्षं धुळ्याच्या एका कॉलेजात पीएचडीसाठी एकच पिवळी पूड करत होती. औषधं बनवताना लागणारा पॅलॅडियम धातू एरवी द्रावणात विरघळतो आणि शेवटी सांडपाण्यात जातो. प्रज्ञानं तो सिलिकाच्या बारीक कणांना रासायनिक दोऱ्यानं बांधला होता. काम झालं की पूड गाळायची, धुवायची, पुन्हा वापरायची. सात वेळा वापरली, सातही वेळा चालली. प्रबंध छापायला निघाला.

एक कसोटी तेवढी राहिली होती. क्रिया अर्ध्यावर आली की गरम असतानाच पूड गाळून काढायची आणि खालचं नितळ द्रावण तसंच तापवत ठेवायचं. धातू पुडीलाच बांधलेला असेल, तर क्रिया तिथंच थांबते.

थांबली नाही. दोन तासांनी तपासणीच्या पट्टीवरून कच्च्या मालाचा ठिपका साफ गायब, म्हणजे क्रिया पुडीशिवायच पुरी झाली होती.

"तोंड कसाले पाडी बठनी वं, पोरी?" प्रयोगशाळेचे शिपाई सुकदेव नाना म्हणाले. "बिगर पूडना बी माल तयार व्हई ऱ्हायना, फायदाच शे ना!"

"नाना, धातू बांधेलच नव्हता."

का, ते तिला लगेच कळलं. नवी पूड चोवीस तास धुवावी लागते, सुटा धातू निघून जाईपर्यंत. त्या धुलाईला नळाचं पाणी सतत चालू लागतं, आणि कॉलेजची टाकी दुपारीच कोरडी. पहिल्याच वर्षी तिनं पाच तासांवर भागवलं. मग तीच रीत पडली. कणांवर नुसता टेकलेला धातू दरवेळी थोडा थोडा द्रावणात सुटून क्रिया चालवत होता आणि तिला पास करत होता.

तिच्या मार्गदर्शक सरांनी पट्टी बघितलीसुद्धा नाही. "प्रबंधातून या कसोटीचं पान काढून टाक. कोण विचारतंय? पीएचडीच्या नोंदणीची मुदत एकवीस दिवसांत संपतेय."

"सर, शीर्षकातच 'बांधलेला' आहे."

"मग बस पुन्हा पहिलीत!"

तिनं पान काढलं नाही. सरांनी प्रबंधावर सही केली नाही. एकवीस दिवसांत सहा वर्षांचं काम पुन्हा होत नसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मुदत संपली त्या दिवशी आईचा, भागाबाईचा, फोन आला. "व्हयनी का डॉक्टर? गल्लीमा बठ्ठा इचारतस."

"नही वं माय."

"मंग काय सांगू लोकस्ले?"

प्रज्ञानं नव्या पुडीच्या धुलाईचा नळ सुरू केला.

"सांग, चालू शे आजून."