खडा दाखवा, तांदूळ न्या

गिऱ्हाईक पुढ्यात येऊन उभं राहिलं की मावशी पोत्यात हात घालायची, मूठभर तांदूळ डाव्या तळहातावर पसरायची, त्यावर हलकी फुंकर मारायची आणि म्हणायची, “खडा दाखवा नि तांदूळ फुकट न्या!”

तुम्ही म्हणाल, विकणारे काय, वाट्टेल ते बोलतात. पण मावशीचं ते नुसतं बोलणं नव्हतं. तिचं गाव आत, डोंगराच्या पायथ्याशी. तांदूळ घरी स्वतः पाखडायची, चाळायची, अंगणात बसून निवडायची आणि सकाळच्या एस.टी.नं आमच्या बाजाराच्या गावी घेऊन यायची. शेवटच्या एस.टी.पर्यंत तिथंच बसलेली. मी नव्वद सालानंतर शहापूरहून मुरबाड तालुक्यातल्या त्या गावी शिक्षिका म्हणून बदलून आले, तेव्हा शेजारणीनं पहिला सल्ला दिला तो हा की तांदूळ घ्यायचा तर मावशीकडून, दात शाबूत राहतात.

एकदा रेल्वेलाइनीवरच्या वाशिंदचा एक पाहुणा आला. कंपनीत नोकरीला होता आणि स्वतःला फार हुशार समजत होता. त्यानं चिमटीत लपवून आणलेला खडा हळूच तांदळात सोडला आणि ओरडला, “मावशी, हा बघा खडा!” मावशीनं तो उचलला, उलटसुलट पाहिला. म्हणाली, “भाऊ, ह्यो रुळाखालच्या खडीचा टवका हाय. आमच्या शेतातून गाडी जात नाय.” सगळा बाजार हसला. पाहुणाही हसला आणि मुकाट्यानं पायलीभर तांदूळ विकत घेऊन गेला.

आणि अशा या मावशीच्या पोटात खडा निघाला. दैवालाही थट्टा सुचते ती अशी.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तांदूळ घ्यायला गेले होते. मावशी पायलीनं मापत होती. मापता मापता तिचा हात थांबला. चेहरा हळदीसारखा पिवळा पडला, कपाळावर घाम आला. तरी तिनं माप पुरं केलं, माझ्या पिशवीत ओतलं आणि मग म्हणाली, “धर गो बाय मला.” एरवी ती मला ‘बाई, तुमी’ असं म्हणायची. त्या दिवशी मी एकदम ‘बाय’ झाले.

पोत्यांच्या मागं ती आडवी झाली. पण आडवंही होववेना. उठे, बसे, कमरेला पदर आवळी. कळ पाठीतून निघून ओटीपोटात उतरत होती. मध्येच उलटी झाली. शेजारच्या सुकी मासळी विकणाऱ्या बाईनं आणि मी तिला धरून ठेवलं. कळ जरा ओसरल्यावर पहिलं वाक्य काय बोलली असेल? “पाच बाळतपणं केली गो, पन असली कळ नाय बघितली. त्यात निदान शेवटाला पोर तरी हाती येतं!”

मूतखडा आहे हे बाजारानं डॉक्टरच्या आधीच ठरवून टाकलं. मग प्रत्येकाचा एकेक उपाय. कुणी कुळथाचं कळण सांगितलं, कुणी पानफुटीची पानं आणून दिली, कुणी केळीच्या खांबाचा रस. मावशीनं कुणाचंच मन मोडलं नाही, सगळं घेतलं. पण तिला मनापासून पटला तो एका म्हाताऱ्यानं सांगितलेला उपाय. एस.टी.च्या मागच्या बाकावर बसायचं, खड्ड्यांच्या रस्त्यानं जाऊन यायचं. खड्ड्यानं खडा पडतो म्हणे.

आमच्याकडे खड्ड्यांना तोटा नव्हता. मावशी गाडीत चढली, थेट मागच्या बाकावर जाऊन बसली. कंडक्टर आला, “मावशी, कुठलं देऊ?” मावशी म्हणाली, “जिथं खडा पडंल तिथलं दे.”

कंडक्टरनं तिला धसईचं तिकीट दिलं. धसई आली, गाडी परत फिरली, मावशीही परत आली. खडा काही पडला नाही. “गाडी नवीन आलीय मेली,” ती कुरकुरली, “जुनी असती तर पडला असता.”

दुसऱ्यांदा कळ आली तेव्हा मात्र मी ऐकलं नाही. तिला मुरबाडला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांकडे सोनोग्राफीचं मशीन नवीनच आलं होतं. तरुण डॉक्टर, मोठा उत्साही. त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला आणि एका पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. “हा बघा, आजी. हा तुमचा खडा.”

मावशी बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “दाखवलात तुमी.”

डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं. पुढच्या खेपेला मावशी पदराखालून तांदळाचं गाठोडं घेऊन आली आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं. डॉक्टर नको नको म्हणत होते. “आता नको कसं? इतक्या वरसात कुनी दाखवला नव्हता. तुमी दाखवला. बोललेलं बोललेलं.” बिचारे डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, घ्या हो, आणि निवडू नका, शिजवायलाच टाका.

त्या पहिल्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं ते असं. खडा मूत्रपिंडातून निघून खाली नळीत अडकलाय. लहान आहे, भरपूर पाणी प्यायलं तर आपसूक पडेल. कळेवर गोळ्या आहेत. पण पाणी कमी पडलं, तो तिथंच बसून राहिला, तर मूत्रपिंडाला आलेली सूज वाढेल. मग कल्याणला ऑपरेशन, आणि फार उशीर झाला तर एक मूत्रपिंड निकामीसुद्धा होईल.

“पाणी किती पिता दिवसाला?”

“सकाळी च्या पिते. मंग घरी गेल्यावर.”

“आणि मध्ये, दिवसभर?”

मावशीनं माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. बाहेर आल्यावर, एस.टी.ची वाट बघता बघता म्हणाली, “डाक्टर शिकलेला हाय, गुनी हाय, पन पुरुष हाय. पानी पी म्हनला. जाचं कुठं, ते काय बोलला नाय.”

आमच्या शाळेतही तीच तऱ्हा होती. आम्ही दोघी शिक्षिका सकाळी अर्धा पेला पाणी पिऊन निघायचो आणि घरी येईपर्यंत घसा कोरडा ठेवायचो. इतकी सवय झालेली की ती सवय आहे हेसुद्धा विसरले होते. बाजारात तर चहूबाजूंनी उघडं. पुरुषांना आडोसा दिसला की झालं. बायका उन्हात भाजीवर पाणी शिंपडायच्या, स्वतः मात्र ओठ कोरडे ठेवून बसायच्या.

“मग थोडे दिवस घरी बस ना,” मी म्हटलं.

“घरात बसले तर खड्याच्या आधी मीच पडन,” ती म्हणाली. तेही खरंच होतं. बाजार हा तिचा जीव होता.

मी भाड्यानं राहत होते ती खोली बाजाराच्या अगदी मागं. परसात घरमालकांचा संडास होता. मी मावशीला म्हटलं, मागचं दार उघडं ठेवते, केव्हाही ये. पहिल्या दिवशी ती चोरासारखी आली. दुसऱ्या दिवशी मासळीवालीला घेऊन आली. मग बांगड्यावाली आली, मग भाजीवाल्या. आठवडा उलटायच्या आत परसात तांबे घेतलेल्या बायकांची रांग लागली. घरमालक निवृत्त गृहस्थ, दुपारची झोप त्यांना प्यारी. ते बाहेर येऊन म्हणाले, “बाई, हे माझं घर आहे की एस.टी. स्टँड?”

त्यांनी कुलूप घातलं. मला राग आला. मावशीला आला नाही. “त्याचं बरोबर हाय. त्याची टाकी भरली तर आपन जानार हाव का उपसाला?”

गृहस्थ तसे वाईट नव्हते. दोन दिवसांनी माझ्याकडे येऊन हळू आवाजात म्हणाले, मावशी आजारी आहे, ती एकटी आली तर चालेल. मी आनंदानं निरोप घेऊन गेले. आणि मावशी म्हणाली, “नाय.”

“अगं, नाही काय? डॉक्टर काय म्हणाले विसरलीस?”

“नाय विसरले. पन मी एकटी पोट हलकं करून येऊ, नि ह्या बाजूला बसल्यात त्या माझ्या तोंडाकडं बघतील? मंग पानी मी पन नाय पिनार.”

मी भांडले, चिडले, शाळेतल्या पोरांना रागावते तसं रागावले. ढिम्म हलली नाही. परत ओठ कोरडे ठेवून बसायला लागली. परत कळ आली. मला खरंच भीती वाटली. एक मूत्रपिंड जाईल आणि ही मात्र आपल्या शब्दावर बसून राहील, असं रोज वाटायचं.

मग एका रविवारी सरपंच तांदूळ घ्यायला आले. घरची वास्तुशांत होती, पांढरेशुभ्र कपडे, चांगलं पोतंभर तांदूळ हवे होते. मावशी म्हणाली, “तुमच्या घरचं कार्य, परत एकदा निवडून देते. बसा.” पोत्यावर पोतं टाकून त्यांना बसवलं. “उन्हाचं आलाव, पानी घ्या.” सरपंचांनी तांब्या रिकामा केला. मासळीवालीनं लिंबाचं सरबत आणलं. भाजीवालीनं शहाळं फोडून दिलं. मावशीनं स्वतःच्या डब्यातलं कुळथाचं कळण दिलं, “घ्या, डाक्टरपरीस गुनाचं हाय.” एवढा मान मिळतोय म्हणून सरपंच खूश. सगळं प्यायले.

मावशी निवडत होती. एकेक दाणा. मी सुट्टीचा दिवस म्हणून तिथंच उभी होते, आणि सांगते तुम्हाला, इतक्या सावकाश तांदूळ निवडताना मी जन्मात कुणाला पाहिलं नाही. सरपंच या मांडीवरून त्या मांडीवर झाले. मग एक पाय हलवायला लागले. शेवटी उठले. बायका भोवतीच उभ्या, हलायला जागा नाही.

“मावशे, मी जरा येतो.”

“कुठं?”

“हे... जरा तिकडं.”

“तिकडं कुठं?” मावशीनं मान वर केली. “आमाला पन सांगा की. आमी किती वरसं शोधतोय.”

मग मासळीवाली फिस्सकन हसली आणि सगळा बाजार हसायला लागला. सरपंचांचा चेहरा लाल झाला. पण माणूस दिलदार. हसतच हात जोडले, “कळलं मावशे, कळलं! आता मला जाऊ दे!” बायकांनी वाट दिली, आणि सरपंच जे धावले ते पाहण्यासारखं होतं.

पावसाळ्याआधी बाजाराच्या कडेला दोन खोल्यांचा बायकांचा संडास उभा राहिला, शेजारी पाण्याची टाकी. घरमालकांनी तोवर कुलूप काढून ठेवलं होतं. त्यांच्या बायकोनंही बरंच ऐकवलं असणार. उद्घाटनाला सरपंच नारळ घेऊन आले. मावशी म्हणाली, “नारळ तुमी फोडा. पन पयली मी जानार.” आणि तांब्या घेऊन, डोक्यावर पदर घेऊन, मुंडावळ्याच तेवढ्या बांधायच्या राहिल्या होत्या अशा थाटात गेली.

पुढं मावशीनं पाणी पिण्याचा असा सपाटा लावला की बस्स. गिऱ्हाईकाशी बोलता बोलता तांब्या वर. एका सकाळी शाळेच्या फाटकाशी उभी दिसली, मूठ घट्ट मिटलेली. मी वर्ग सोडून धावले. तिनं मूठ उघडली, तळहातावर हलकी फुंकर मारली. मुगाच्या डाळीएवढा, करडा, खरबरीत खडा.

“डाक्टर बोलला व्हता, गाळून बघा. चाळनी घेऊन बसले. जनमभर तेच तर केलं.” डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसत होती. “पोर नाय तर खडा तरी हाती आला! बघताव काय बाई? खडा दाखवला. आता तांदूळ द्या!”

त्या दुपारी मी तिला घरी जेवायला वाढलं. तांदूळ तिचाच होता, पण मी निवडला होता. तिनं पहिला घास खाल्ला, सावकाश चावला, आणि म्हणाली, “पास.” मुरबाडला पुन्हा तपासलं तेव्हा सूजही उतरलेली होती.

त्यानंतर मावशी खूप वर्षं बाजारात बसली. माझी बदली परत शहापूरला झाली. येणं-जाणं कमी झालं. ती गेल्याचं मला उशिरा कळलं. म्हातारपणानं गेली, झोपेत, कसलीही कळ न येता. हे ऐकून मला रडू आलं आणि बरंही वाटलं.

मध्यंतरी त्या बाजारात गेले होते. मावशीच्या जागेवर तिची सून बसते. ओळीनं बसलेल्या बायकांपैकी प्रत्येकीच्या टोपलीशेजारी पाण्याची बाटली नाहीतर तांब्या. एक नवीन लग्न झालेली पोरगी मान मागं टाकून, घटाघटा पाणी पीत होती. तिला यात विशेष काही वाटत नव्हतं. वाटू नयेच.

सुनेकडून पायलीभर तांदूळ आणला. सून चांगली आहे, पण घाईची आहे. दुसऱ्याच दिवशी जेवताना कचकन खडा लागला. मी तो काढून तळहातावर घेतला, फुंकर मारली. दाखवायला कुणी नव्हतं. ताटाच्या कडेला ठेवून दिला आणि तांब्याभर पाणी प्यायले.