ओट्याखालचा क्रूस

संगमेश्वरकडचा शंभू गवंडी बहरीनला आला त्याला अठरा वर्षं झाली. सगळी ताहिरसाहेबांच्या वाडीवरच गेली. वाडी म्हणजे खजुराची जुनी बाग आणि मधोमध जाड दगडी भिंतींचं घर.

म्हातारे ताहिरसाहेब येईल त्याला सांगायचे, "हे घर आमच्या पणजोबांनी नुसतं वाढवलं. आधी इथे ख्रिस्ती साधूंचा मठ होता." मुलं हसायची. पुढे पुढे तर पाहुण्यांसमोरच म्हणायला लागली, बाबांना भ्रम झालाय.

शंभूला मात्र ठाऊक होतं. पहिल्याच वर्षी मागचा ओटा बांधायला खणताना त्याला चुन्याची एक फरशी लागली होती, तिच्यावर कोरलेला क्रूस. फोरमन म्हणाला, "सरकारी माणसं आली तर काम बंद. मग तुझा व्हिसाही खलास. बुजव." शंभूने पहारीने फरशी फोडली, तुकडे भरावात टाकले आणि वर ओटा घातला.

पुढे फोरमन देश सोडून गेला, शंभूचा व्हिसा साहेबांनी स्वतःच्या नावावर घेतला, तरी त्याच्या तोंडून शब्द फुटेना. आज सांगू, उद्या सांगू करत वर्षं सरली. साहेब रोज संध्याकाळी त्याच ओट्यावर बसायचे. एकदा त्यांनी विचारलंही, "शंभू, इतकं खणतोस, कधी काही सापडलं नाही?"

"नाही साहेब."

साहेबांनी नुसती मान हलवली. त्याच हिवाळ्यात ते गेले.

गेल्या वर्षी शेजारच्या जमिनीत उत्खनन झालं आणि मठाच्या खोल्या निघाल्या. त्यांच्या भिंती थेट वाडीच्या घराखाली शिरत होत्या. साहेबांची मुलगी नसीमा खड्ड्याच्या काठावर उभी राहून रडली. "मीही हसले होते बाबांना," ती शंभूला म्हणाली.

मग त्याला राहवलं नाही. त्याने सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, "बाबांनी विचारलं, तेव्हा तरी सांगायचंस."

ओटा शंभूनेच फोडला. सात तुकडे मिळाले, क्रुसाचा एक हात सापडलाच नाही. नसीमाने त्याला कामावरून काढलं नाही. चहाही पूर्वीसारखाच पाठवते. तो मात्र कपात तसाच निवून जातो.

"कबूल केलंत ना, आता मनाला लावून घेऊ नका," बायको फोनवर म्हणाली.

"ज्यांना सांगायचं होतं, ते राहिले नाहीत गो."

पुढच्या शुक्रवारी तो साहेबांना पुरलं होतं त्या कबरस्तानाच्या फाटकापर्यंत गेला. आत जावं की नाही, कळेना. तसाच वळला आणि बसने हमद टाउनमधल्या आपल्या खोलीवर परतला.